बाराच्या मुहूर्ताला टिकणारं किट

लग्नाच्या शूटिंगचं नवं किट उभं करायचं ठरलं की पहिली चर्चा बॉडीवरच, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावरच, येते. सोनी की कॅनन, मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम की लहान सेन्सरचा क्रॉप. आम्ही ती मुद्दाम शेवटी ठेवली. आधी एका कागदावर लग्नातले असे क्षण लिहून काढले, जे कुणालाही पुन्हा करायला सांगता येत नाहीत. हार पुन्हा घालता येतात, केक पुन्हा कापता येतो, आहेर देणारे पाहुणे तर फ्लॅश पडला नाही म्हणून आपणहून परत उभे राहतात. अंतरपाट मात्र एकदाच खाली येतो. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, एकदाच मारुतीला जाऊन येतो. आणि पाठवणीत आईच्या गळ्यात पडलेल्या नवरीला ‘ताई, एकदा परत’ म्हणणारा कॅमेरामन मार खाईल.

मग प्रत्येक क्षणापुढे तिथली परिस्थिती लिहिली. ऊन किती, उजेड कुठून, आवाज कुठून, वीज कुणाची, उभं राहायला जागा किती. अर्धी निवड या कागदावरच झाली.

मराठवाड्यातली बहुतेक लग्नं दिवसाची आणि मोठी तारीख एप्रिल-मे महिन्यातली. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३१ मिनिटांचा असतो. त्याआधी पाहुण्यांचे सत्कार, मग पुढाऱ्यांची शुभेच्छापर भाषणं, मग आणखी एका गाडीची वाट. प्रत्यक्ष मंगलाष्टकं दीडच्या पुढे. तोवर कॅमेरा अकरापासून चालू असतो, वर पत्रा नाहीतर मांडवाचं कापड, आणि सावलीतलं तापमान चाळीसच्या पुढे. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस छापलेलं असतं. म्हणजे परभणीत किंवा नांदेडात मे महिन्यात आपण कंपनीच्या हद्दीबाहेरच काम करतो. हे एकदा मान्य केलं की बॉडीची यादी आपोआप लहान होते.

चाचणी अशी लावली : कॅमेरा भाड्याने आणायचा, दुपारी बाराला पत्र्याच्या शेडखाली ट्रायपॉडवर चढवायचा आणि त्याच सेटिंगवर सलग रेकॉर्डिंग लावून ठेवायचं, ज्यावर लग्न करणार आहोत. एसी दुकानात घेतलेल्या दहा मिनिटांच्या डेमोला काही अर्थ नाही. ४केमध्ये सेकंदाला २५ फ्रेमला जो कॅमेरा निवांत चालतो, तोच ५० फ्रेमला लवकर तापतो, कारण सेन्सर आणि प्रोसेसर दोघांवरचं काम वाढतं. सोनीत किती तापल्यावर कॅमेरा बंद व्हावा हे ठरवणारं ‘ऑटो पॉवर ऑफ टेंपरेचर’ हे सेटिंग ‘स्टँडर्ड’वरून ‘हाय’वर न्यावं लागतं. कारखान्यातून ते ‘स्टँडर्ड’वरच येतं आणि नवा कॅमेरा मांडवात पटकन बंद पडण्याचं हे सगळ्यात साधं कारण असतं. स्क्रीन अंगापासून उघडून बाजूला फिरवली की पाठीमागून उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. यूएसबीवरून चार्जिंग चालू ठेवून रेकॉर्डिंग केलं की आतली उष्णता वाढते, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगला डमी बॅटरी बरी. ट्रायपॉडला छत्री बांधणं दिसायला विचित्र वाटतं, पण उपयोग मोठा.

पंखा असलेल्या बॉडी या चाचणीत सरळ पुढे निघतात. सोनी एफएक्स थ्री आणि पॅनासॉनिक लुमिक्स एस५ टू या दोन्हींत आत पंखा आहे. सोनी ए-सेव्हन फोर हा इकडे सगळ्यांत जास्त दिसणारा कॅमेरा. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही निघतात, दोन कार्डं बसतात, विकताना गिऱ्हाईक मिळतं. पण त्यात पंखा नाही आणि ४के ५० फ्रेमला चित्र दीडपट कापलं जातं : २४ मिमीची लेन्स ३६सारखी वागते. हॉलमध्ये ते जाणवत नाही. गावाकडच्या घरात दहा बाय दहाच्या खोलीत हळद चालू असते आणि पाठ भिंतीला टेकलेली असते, तेव्हा जाणवतं. एस५ टूमध्येही ४के ५० फ्रेमला असाच क्रॉप बसतो. कॅनन आर६ मार्क टू पूर्ण रुंदीत ४के ६० फ्रेमपर्यंत देतो, पण त्याला पंखा नाही. म्हणून आमचा हिशोब असा : मांडवातला जागेवरचा कॅमेरा पंख्याचा आणि २५ फ्रेमला, हातातला, गिंबलवरचा (मोटरने तोल सांभाळणाऱ्या दांड्यावरचा) कॅमेरा गरजेपुरता ५० फ्रेमला आणि मधे मधे बंद. ५० फ्रेम कधी लावायची याची खूण गुरुजीच देतात. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं की अंतरपाट पडायला मिनिटभर उरतं.

दोन कार्ड-स्लॉट नसलेली बॉडी आम्ही यादीतून थेट काढली. सोनी झेडव्ही-ई१० किंवा ए६४०० चित्र चांगलं देतात, पण कार्ड एकच. कार्ड मेलं की लग्न गेलं. तिसरा, वरून दिसणारा कॅमेरा म्हणून ते ठेवायला हरकत नाही. दोन स्लॉट असूनही अनेक जण ते ‘रिले’वर ठेवतात, म्हणजे एक भरलं की दुसरं. लग्नात दोन्हींवर एकदम रेकॉर्डिंग हवं.

कार्डाचा हिशोब बिटरेटवरून, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट (एमबीपीएस) लिहिले जातात त्यावरून करायचा. १०० एमबीपीएस म्हणजे तासाला ४५ जीबी. १० बिट ४:२:२ला, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या रेकॉर्डिंगला, सोनीत २५ फ्रेमला १४० एमबीपीएस, म्हणजे तासाला ६३ जीबी, आणि ५० फ्रेमला २०० एमबीपीएस, म्हणजे ९० जीबी. दिवसभरात दोन कॅमेऱ्यांवर मिळून सहा तास रेकॉर्डिंग झालं तर १०० एमबीपीएसलाही २७० जीबी होतात, आणि प्रत दोन ठिकाणी ठेवायची तर त्याच्या दुप्पट. व्ही३० कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं, म्हणजे २४० एमबीपीएस. वरच्या तिन्ही सेटिंगना ते पुरतं, उगाच व्ही९०चे पैसे घालू नयेत. मात्र कार्ड घेतल्यावर ते एकदा पूर्ण भरून पाहावं. नकली कार्डावर छापलेली क्षमता खरी नसते आणि ते शेवटच्या भागातच उघडं पडतं, नेमकं पाठवणीच्या वेळी.

१० बिट ४:२:२ची दुसरी बाजू एडिटिंगला कळते. अनेक ग्राफिक्स कार्डं हा प्रकार स्वतः उलगडत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि टाइमलाइन अडखळते. कॅमेरा घेण्याआधी त्याची पाच मिनिटांची क्लिप आणून आपल्याच कॉम्प्युटरवर चालवून पाहिली की प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवाव्या लागतील की नाही ते लगेच कळतं. ट्रॅडिशनल, म्हणजे सगळे विधी सलग दाखवणाऱ्या, व्हिडिओला ८ बिट आणि तयार रंगाचं प्रोफाइल पुरतं. लॉग, म्हणजे नंतर रंग चढवण्यासाठीचं फिकं प्रोफाइल, सिनेमॅटिकवाल्याने वापरावं, आणि तेही १० बिटमध्येच. हळदीचा पिवळा ८ बिट लॉगमध्ये ओढला की गालावर पट्टे पडतात.

लॉगचा आणखी एक खर्च दुकानदार सांगत नाही. ए-सेव्हन फोरमध्ये एस-लॉग थ्री या सोनीच्या लॉगचा बेस आयएसओ, म्हणजे मूळ प्रकाश-संवेदनशीलता, ८०० आहे. शटर १/५०, अॅपर्चर २.८, वर कडक ऊन : जवळजवळ नऊ स्टॉप उजेड जास्त होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). बाजारात सर्रास मिळणारा दोन ते पाच स्टॉपचा व्हेरिएबल एनडी (उजेड कमी-जास्त अडवणारा गडद फिल्टर) इथे कमी पडतो, सहा ते नऊवाला लागतो. वरातीत एनडीशिवाय शटर १/२०००वर नेलं की घोड्याच्या टापा आणि नाचणारी पोरं तुटक तुटक दिसतात. फिल्टर एकाच मापात राहावा म्हणून लेन्सचा व्यास बघून घ्यावा. टॅमरॉनच्या सोनी माउंटच्या १७-२८, २८-७५ आणि ७०-१८० या तिन्ही २.८ लेन्सना ६७ मिमीचाच फिल्टर बसतो. एक महागडा एनडी तीन लेन्सवर फिरतो.

शटर १/५० ठेवण्याचं आणखी एक कारण आपली वीज. ती ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे बल्ब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. १/५० किंवा १/१०० शटरला ते दिसत नाही, १/६० किंवा १/१२५ला काळ्या पट्ट्या सरकतात. म्हणून कॅमेरा घेतल्या घेतल्या एनटीएससीवरून (३०/६० फ्रेम) पॅलवर (२५/५० फ्रेम) आणायचा. डेकोरेशनच्या एलईडी पार लाइटना हा नियम लागू पडत नाही, त्या आपल्याच वेगाने लुकलुकतात. तिथे शटर बारीक अंशांनी बदलता येणारा कॅमेरा कामाला येतो.

लेन्सची निवड उभं राहण्याच्या जागेवरून होते. ट्रॅडिशनल कॅमेऱ्याचा प्लॅटफॉर्म स्टेजपासून साधारण चाळीस फुटांवर असतो. तिथून फुल फ्रेमवर ७० मिमीला सुमारे सहा मीटर रुंदीची चौकट मिळते, म्हणजे अख्खं स्टेज आणि वर मामा-मामी, करवल्या, फोटोग्राफरची पाठ. २०० मिमीला चौकट दोन मीटरच्या थोडी पुढे : नवरा-नवरी आणि मधला अंतरपाट. म्हणून ज्याच्याकडे फक्त २४-७० आहे त्याने प्लॅटफॉर्मवर चढू नये. इथे जुने कॅमकॉर्डर अजून हार मानत नाहीत. सोनी एनएक्स१००मध्ये एक इंची सेन्सर, १२ पट ऑप्टिकल झूम आणि अंगातच एनडी फिल्टर. सोनीचाच एमसी२५०० खांद्यावर छान बसतो, पण पाव इंची सेन्सर संध्याकाळी दाणे दाखवतो. सलग दोन तास भाषणं आणि मंगलाष्टकं न थांबता घ्यायची असतील तर चांगल्या स्थितीतला जुना एनएक्स१०० हा स्वस्त आणि शहाणा सौदा. फुल एचडी आहे, ४के नाही. तासाभराचा ट्रॅडिशनल व्हिडिओ घरच्या टीव्हीवर बघणाऱ्या आजी-आजोबांची त्याबद्दल तक्रार येत नाही.

प्लॅटफॉर्मच्या फळ्या डीजेच्या बेसने थरथरतात आणि २०० मिमीला ती थरथर चित्रात उतरते. ट्रायपॉडचे पाय शक्य असेल तर फळीवर न ठेवता जमिनीवर, आणि हेड खरं फ्लुइड, ७५ मिमी बाउलचं. फोटोच्या हलक्या ट्रायपॉडवर पॅन केलं की सुरुवातीला आणि शेवटी झटका बसतो.

गिंबलला वजनाची बेरीज करावी. ए-सेव्हन फोर बॅटरी-कार्डासह ६५८ ग्रॅम, टॅमरॉन २८-७५ जी टू ५४० ग्रॅम, मिळून बाराशे. डीजेआय आरएस थ्री मिनी दोन किलोपर्यंत झेलतो आणि स्वतः ७९५ ग्रॅमचा आहे. म्हणजे हातात दोन किलो. परण्याबरोबर तासभर उन्हात चालताना यापेक्षा जास्त नको. बॅलन्स करताना मोटर बंद ठेवून आधी टिल्ट, मग रोल, शेवटी पॅन. लेन्सवर एनडी आणि हूड चढवूनच बॅलन्स करायचा. नंतर चढवला की मोटर सारखी जोर लावत राहते, गरम होते, आणि रेकॉर्डिंगमध्ये बारीक कंप येतो. हूड अक्षतांसाठीही हवाच. मागून फेकलेले तांदूळ लेन्सवर येतात, गिंबलच्या सांध्यात अडकतात, हॉट-शूमध्ये बसतात. कोल्ड पायरोच्या (स्टेजवरच्या थंड फटाक्यांच्या) ठिणग्यांपासून तीन मीटर लांब राहायचं, लेन्सच्या काचेवर पडलेला ठिपका पुसून जात नाही.

वरातीतल्या लेझरबद्दल तर ठासून सांगायला हवं. डीजेच्या गाडीवरचा लेझर किरण थेट लेन्समध्ये शिरला तर क्षणार्धात सेन्सरवर कायमची रेघ उमटते. ती वॉरंटीत बसत नाही आणि दुरुस्ती म्हणजे सेन्सरच बदलणं. लेझर चालू असेल तेव्हा कॅमेरा गाडीच्या बाजूने किंवा मागून.

आता आवाज, ज्यावर सगळ्यांत कमी पैसे लावले जातात. मंगलाष्टकं ऐकू आली नाहीत तर चित्र कितीही गोड असो, घरचे पहिला फोन त्याचाच करतात. कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये भोंग्याचा घुमारा, पंगतीतला कालवा आणि जनरेटर येतो, गुरुजी येत नाहीत. खरा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्यायचा. पिशवीत तीन केबल्स हव्यात : आरसीएची, पी-३८ पिनची (६.३५ मिमी) आणि एक्सएलआरची, तिन्हींच्या दुसऱ्या टोकाला ३.५ मिमीची पिन. मिक्सरला ‘रेक आउट’ असेल तर तेच घ्यायचं, कारण साउंडवाल्याने मेन व्हॉल्यूम वर-खाली केला तरी बहुतेक मिक्सरमध्ये ते हलत नाही. मिक्सरचा आवाज लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोरकस, असतो. तो रेकॉर्डरच्या माइक इनपुटला दिला की फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने जुळत नाही. इनपुट ‘लाइन’वर करायचं, नाहीतर मधे अॅटेन्युएटर (आवाजाची पातळी उतरवणारा जोड) लावायचा. लेव्हल हाताने, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. ३२ बिट फ्लोटचा (लेव्हल चुकली तरी आवाज नंतर सावरता येणारा) रेकॉर्डर इथे मोठी मदत करतो, पण त्याच्या इनपुटलाही सहन करण्याची मर्यादा असतेच. रेकॉर्डर सेलवर चालवायचा, मांडवातल्या बोर्डावर चार्जरला लावून नाही. लावला की ‘घूं’ येते.

मिक्सरवर विसंबून सगळं सोडायचं नाही. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्या माइक लांब धरतात, गुरुजी ऐन वेळी माइक बाजूला ठेवतात. दुसरा आधार म्हणून गुरुजींच्या उपरण्याला वायरलेस माइकचा ट्रान्समीटर. ‘गुरुजी, एवढं लावून ठेवू का?’ असं पूजेची मांडामांड चालू असतानाच विचारायचं, मुहूर्ताला नाही. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारा सेट घ्यावा, जसा रोड वायरलेस गो टू किंवा डीजेआय माइक टू. हजारो मोबाइलच्या गर्दीत सिग्नल तुटतो, आतली फाइल तुटत नाही.

उजेडाला दिवसाही पैसे लागतात. उघड्या बाजूंच्या मांडवात स्टेज सावलीत आणि मागे रणरणतं ऊन, फरक पाच-सहा स्टॉपचा. मागचं जळू दिलं नाही तर चेहरे काळे पडतात. ६० वॅटचे दोन सीओबी (एकाच मोठ्या चिपचे) एलईडी, ५६०० केल्विनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या रंगाचे, स्टेजच्या दोन कोपऱ्यांत उंचावर लावले की चेहरे उठतात. वरचं कापड पिवळं किंवा लाल असेल तर सगळ्यांचा रंग तसाच उतरतो, आणि अशा वेळी ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक शॉटला वेगळा निर्णय घेतो. सगळ्या कॅमेऱ्यांवर एकच केल्विन हाताने लावायचं. घड्याळंही एकाच वेळेला जुळवायची, एडिटिंगला निम्मा ताप वाचतो.

स्टेजमागच्या एलईडी वॉलला लाइव्ह द्यायचं असेल तर कॅमेऱ्याचं एचडीएमआय तोंड बघून घ्यावं. ए-सेव्हन फोर आणि एस५ टूला मोठं, मजबूत तोंड आहे. आर६ मार्क टूला मायक्रो आहे, ओढाताणीत ते हलतं. त्याला केबल क्लॅम्प लावल्याशिवाय वायर जोडू नये. वायर पंधरा मीटरच्या पुढे जाणार असेल तर एसडीआय (लांब अंतराची व्हिडिओ वायर) कन्व्हर्टर.

विजेसाठी पिशवीत एक मल्टिमीटर टाकला. मांडवात डेकोरेशनवाल्याची थ्री-फेज ओढलेली असते, कधी महावितरणची, कधी जनरेटरची. न्यूट्रल ढिला झाला की एखाद्या फेजवर २३०च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट येतात. कॅमेऱ्याचे चार्जर १०० ते २४० व्होल्टचे. ‘दादा, लावा बिनधास्त, जनरेटरवर आहे’ असं कुणी म्हटलं तरी पिन आधी मीटरची जाते, मग चार्जरची. २५०च्या वर आकडा दिसला तर त्या बोर्डावर काहीच नाही. बॅटऱ्या घरून भरून न्याव्यात. सोनीची एनपी-एफझेड१०० बॅटरी एका बॉडीला चार. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅटऱ्या ठेवू नयेत.

ड्रोनची गोष्ट पैशांपेक्षा कायद्याची. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचं ड्रोन व्यवसायासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. फेब्रुवारी २०२२पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. छत्रपती संभाजीनगरात लॉन आणि मंगल कार्यालयं बीड बायपास आणि जालना रोडला दाटीने आहेत आणि चिकलठाणा विमानतळ त्याच बाजूला. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आत रेड झोन असतो, तिथे सरकारी परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. नांदेडलाही विमानतळ आहे. ऑर्डर घेताना कार्यालयाचं ठिकाण सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघितल्याशिवाय ‘ड्रोन धरून पॅकेज’ असं बोलू नये. आम्ही ड्रोन विकत घेतलंच नाही, प्रमाणपत्रवाला चालक तारखेपुरता बोलावतो.

पैशांची वाटणी शंभरात केली ती अशी : बॉडी चाळीस, लेन्स पंचवीस, आवाज दहा, लाइट आणि वीज दहा, गिंबल-ट्रायपॉड दहा, कार्डं आणि हार्ड डिस्क पाच. बॉडीवर सत्तर घालणारे खूप भेटतात आणि मग माइक उसना मागतात. भाड्यावर विसंबता येत नाही, कारण दाट तिथीला सगळ्या मराठवाड्यात एकाच दिवशी लग्नं असतात आणि भाड्याचा कॅमेरा त्याच दिवशी नसतो.

जुन्यात घ्यायचं असेल तर आषाढ संपल्यावर बाजार बघावा, हंगाम संपलेला असतो आणि विकणारे घाईत असतात. पक्कं बिल आणि सिरियल नंबर जुळवून घ्यायचा. अॅपर्चर १६ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ दिसते. लेन्सला झाकण लावून आयएसओ ६४००ला अर्धा मिनिट रेकॉर्ड केलं की सतत चमकणारे खराब पिक्सेल आणि लेझरची रेघ दिसते. माइकच्या तोंडात पिन घालून हळू हलवायची, आवाजात खरखर आली तर सौदा सोडायचा. विकत घेतलेलं किट तुळशीच्या लग्नापर्यंत बॅगेत बंद राहतं आणि तेच दमट महिने असतात. बुरशी लेन्समध्ये याच दिवसांत धरते, वर्षभराच्या कोरड्या हवेवर भरवसा ठेवून चालत नाही. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि शंभर-दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक पुरतो. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवायचा, आणि जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर कोरडे करून परत भरायचे.